दोन बोटं फट

मी ओळंबा बोलतोय. जालन्याच्या एका लेथवर घडलेला, अस्सल लोखंडी! माझ्या दोरीवर एक लाकडी चकती असते. ती भिंतीला वर टेकवायची आणि मला खाली सोडायचं. मी भिंतीला अलगद टेकलो की भिंत सरळ. मध्ये फट राहिली की वाकडी. मुलाहिजा कुणाचाच नाही.

तीस वर्षं झाली, राधाकिसन मिस्त्रीच्या पिशवीत थापीशेजारी राहतोय. राजूरच्या निम्म्या घरांना मी टेकून आलोय. "राधाकिसनची भिंत म्हणजे बघायचं कामच न्हाई," असं लोक म्हणतात. ते ऐकून मिस्त्री मिशीला हात लावतो अन् मी पिशवीतल्या पिशवीत फुगतो. माझ्याच जिवावर आहे ना ते नाव!

परवा उषाबाईंकडे गेलो. त्यांची सून दैवशाला पुढच्या खोलीत ब्युटी पार्लर काढतेय. सामान हलवलं, जुन्या वायरी काढल्या, सुटलेला गिलावा पाडला. सुतार अंगद सहा फुटी आरसा बसवायला माप घेत होता. मिस्त्रीनं मला सोडलं.

भिंतीत आणि माझ्यात चांगली दोन बोटं फट!

मिस्त्रीचा चेहरा उतरला. कारण ही भिंत त्याच्याच हातची. अंगदनं पाहिलं आणि तो लगेच म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या हातची भिंत वाकडी कशी असंल? काळी जमीन हाय, सरकली असंल."

अरे देवा! नुसती मान हलवली की सुटला. इतक्या वर्षांचं नाव शाबूत. खरं काय ते मला ठाऊक होतं, पण मला कोण विचारतंय? मी दोरीवर गारठून गेलो.

"न्हाई," मिस्त्री म्हणाला. "जमिनीचा बिलकुल कसूर न्हाई. वरचे थर मी ओळंबा न लावताच रचले. घाईघाईत, अंदाजानं. चूक माझी हाय, वहिनी."

उषाबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई! म्हणून ते कॅलेंडर कधी भिंतीला टेकलंच न्हाई! पंखा लावला की फडफड. अन् मी इतकी वर्षं पंख्यालाच शिव्या देऊन राह्यले!"

दैवशालाला हसू आवरेना. "पर मिस्त्रीकाका, एवढी घाई कशाची होती?"

मिस्त्री खाली बघत म्हणाला, "धावड्याहून सासुरवाडीचा माणूस आल्ता. सांगितलं, पोरगी झाली. आमची रेणुका. मंग कुठला दम निघतो? उरलेल्या विटा भराभर ठेवल्या अन् जल्दी एसटी धरली."

उषाबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. "मिस्त्री, पोरगी झाली म्हणून लोक तोंड वाकडं करत्यात. तुमची तर नुसती भिंत वाकडी झाली."

मिस्त्रीनं डोळे पुसले आणि वरचा भाग तासायला घेतला. दोन दिवस खपला. आज सकाळी नवा गिलावा झाला, तेव्हा मला सोडलं आणि मी अलगद टेकलो. आरसा बसायचाय अजून.

बाबांनो, भिंत बांधाल तेव्हा मला पिशवीत ठेवू नका, एवढंच मागणं. पण घरी लेक जन्मल्याचा सांगावा आला, तर खुशाल ठेवा. आधी गाडी धरा.