रांगेतली पहिली घागर

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात माळवस्तीला सहा दिवस टँकर आला नव्हता. सातव्या दिवशी मथुराबाई पहिल्या एस.टी.नं कळंबला उतरली आणि तडक मांजराकाठ सहकारी संघाच्या कचेरीत शिरली. त्या भागात टँकर वाटायचं काम संघाकडं होतं. डबक्यातलं पाणी पिऊन वस्तीतली दोन पोरं दवाखान्यात पडली होती, आणि आज सकाळपासून तिच्या नातीनं मान टाकली होती. आजचा टँकर चुकला तर उद्या काय, याचा विचारसुद्धा तिला नको होता.

व्यवस्थापक आण्णासाहेबांनी कागदावरून नजर न काढता सांगितलं, "नाव यादीत आहे बाई. रोज असतंय."

"नाव हाय, मग पाणी कुठं हाय? गावात टँकर येतोय, आमच्या बौद्ध वस्तीवरच येत न्हाय. कोण खोडतंय नाव, तेवढं सांगा."

आण्णासाहेब तापले. "उगं आरोप करू नका. यादी माणूस करीतच न्हाय, कॉम्प्युटर करतंय. त्याला जात कळत न्हाय का पात. बब्रुवान, दाखव ह्या बाईला."

बब्रुवान धाराशिवच्या कॉलेजात शिकून आलेला, पंचविशीचा ऑपरेटर. त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा मावशी. ज्या वस्तीला पाणी जाऊन जास्त दिवस झालेत, ती वर येते. एकतीस वस्त्या आहेत. पहिला नंबर तुमचा."

मथुराबाई पंचेचाळिसाव्या वर्षी प्रौढ वर्गात अक्षर शिकली होती. पडद्यावरची अक्षरं इंग्रजी, ती काही तिला लागेनात. पण बोट कुठं टेकलं ते तिनं नीट बघून ठेवलं.

बाहेर टँकरवाल्या शरणप्पानं हॉर्न दाबून धरला. "ओ साहेब, अकरा वाजले! कागद देताव का जाऊ तसाच?"

बब्रुवाननं कळा दाबल्या. प्रिंटर करकरला. त्यानं कागद फाडला, तोच मथुराबाईनं त्यावर पालथा हात ठेवला.

"ह्यातली आमची वळ दाव."

"वरचीच की." बब्रुवाननं खाली बघितलं. वरची ओळ दुसऱ्याच वस्तीची होती. मथुराबाईनं बोटानं ओळी मोजल्या. "तीस हायेत. मोजता येतंय मला."

"मी रोज पडद्यावरच बघायचो," तो पुटपुटला. "कागद तसाच शरणप्पाच्या हातात जायचा."

"हातानं लिही एक ओळ, न् घालव त्याला," आण्णासाहेब दारातून म्हणाले.

"चालणार न्हाय साहेब. मागं बोगस नावं घुसल्यापासून विहिरीवरचा माणूस हातानं लिहिलेली ओळ बघून टँकर भरून देत न्हाय."

त्यानं पुन्हा छापलं. पुन्हा तीसच. हॉर्न थांबेना. दिवा मिणमिणला, तसा बब्रुवाननं घाबरून वर बघितलं. वीज गेली तर सगळंच बसणार होतं. तिसऱ्यांदा त्यानं कळा दाबल्या तेव्हा मथुराबाईची नजर प्रिंटरवर नव्हती, पडद्यावर होती.

"थांब. आता एक वळ आली न् सरकली. काय व्हती ती?"

"तो प्रश्न आहे. 'छापू का, हो की नाही?' एकदा चुकीची यादी छापून कागद वाया गेला, म्हणून मागच्या आठवड्यात साहेबांनी घालायला लावला."

"मग तू काय सांगितलंस?"

बब्रुवाननं आपले हात बघितले. ते मांडीवर होते. "मी कुठं काय दाबलं? ते थांबतच न्हाय. मला वाटलं, असंच असतंय."

"तू बोलला न्हाईस. मग जवाब कुणी दिला?"

हे विचारता विचारताच तिला माळवस्तीची रांग आठवली. टँकर आला की पाणी पोचल्याची सही घ्यायला शरणप्पा खाली उतरायचा नाही. केबिनमधूनच ओरडायचा, "सही कुणाला येती?" मग रांगेत सगळ्यात पुढं जी, तिलाच पाठवायचे. पाच वेळा ती स्वतः गेली होती. सही करून परत येईस्तोवर तिची घागर बाजूला सारलेली. दोनदा तर ती रिकामी घागर घेऊन घरी गेली.

"बाबा, तुझ्या मशिनीनं रांगंलाच इचारलं," ती म्हणाली. "पहिली घागर सही कराया गेली, न् तिची जागा गेली."

बब्रुवान खुर्चीत ताठ झाला. "यादी नळीतून यावी तशी आत येते, मावशी. प्रोग्रामनं उत्तर वाचायला तोंड उघडलं, तर समोर ती नळीच. पहिली ओळ आली, ती उत्तर म्हणून गिळली. 'नाही' आलं न्हाय, म्हणून होच धरलं." त्याचा आवाज खाली गेला. "आणि पाणी गेलं न्हाय, म्हणून तुमचे दिवस वाढत गेले. दुसऱ्या दिवशी परत तुमचाच पहिला नंबर."

"प्रश्नच काढून टाक!" आण्णासाहेब ओरडले.

"काढायला न् बदलायला तेवढाच वेळ लागतो साहेब." त्यानं एक ओळ बदलली: उत्तर नळीतून घ्यायचं नाही, थेट कीबोर्डवरून घ्यायचं. बाहेर इंजिन सुरू झालं. आण्णासाहेब स्वतः पळत टँकरकडं गेले.

यादी आत गेली. पडद्यावर प्रश्न आला आणि थांबला. सहा दिवसांत पहिल्यांदा तो कुणाची तरी वाट बघत होता. बब्रुवाननं एक कळ दाबली.

मथुराबाईनं कागदावर बोट फिरवलं. एकतीस. वरच्या ओळीशी तिचं बोट थांबलं, तशी बब्रुवाननं होकाराची मान हलवली.

ती टँकरमध्येच बसून वस्तीवर आली. दोन वाजता रांग लागली. बायकांनी तिची घागर पहिली ठेवली. शरणप्पानं केबिनमधून कागद हलवला. "मावशी, आधी सही, मग नळी. या लवकर!"

मथुराबाईनं घागरीवरचा हात काढला नाही.

"रांगंला इचारू नगंस शरणप्पा. लिंबाखाली दगडाबाई बसलीया. तिची सून रांगंत हाय, म्हणून दगडाबाईला घागर भरायची न्हाय. तिला बी सही येती, म्याच शिकवलीया. उतर खाली न् जा तिच्याकडं."

"लई शहाण्या झालाव आज," म्हणत शरणप्पा उतरला आणि उन्हातून लिंबाकडं गेला. सही घेऊन परत आला आणि त्यानं नळी सोडली. घागर भरेपर्यंत मथुराबाई जागची हलली नाही. भरली तशी ती काखेला मारून नातीकडं पळाली.