वाढत्या पावलांच्या तारखा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मूळचा पांढरा, आता पिवळट. माझ्या पंख्यात प्लास्टरची पूड बसली आहे, म्हणून सुरू होताना मी जरा खोकतो. ही पूड आली कुठून, असं विचाराल तर माझं सगळं आयुष्य मुलांसाठी कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेत गेलं.

कार्यशाळा दोघींची. पाय बनवायच्या त्या वहिनी, आणि टेबलाशी बसून लिहिण्याचं सगळं काम बघायच्या त्या त्यांच्या नणंद. वहिनी त्यांना वन्सं म्हणत, म्हणून सगळेच वन्सं म्हणू लागले. वन्सं पूर्वी एका कचेरीत टंकलेखिका होत्या. मला खोक्यातून बाहेर काढलं त्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्याने माझी कळ न् कळ पुसली आणि म्हणाल्या, "बघू या, तू किती तग धरतोस ते."

माझ्याकडे काम एकच होतं, पण केवढं! वहिनी प्रत्येक आईबापाला सांगायच्या, "पाय वाढत नाही, मूल वाढतं. सहा महिन्यांनी यायलाच हवं." ते सहा महिने माझ्या लक्षात राहायचे. वहिनी आतल्या खोलीतून माप ओरडून सांगायच्या आणि वन्सं ते माझ्या कॅलेंडरात उतरवायच्या. तारीख जवळ आली की पंधरा दिवस आधी मी आपोआप त्या घरी ईमेल धाडायचो.

मित्रांनो, मला अजूनही याचं नवल वाटतं. माझ्या पाठीतून एक निळी वायर निघून भिंतीतल्या भोकात जायची. पलीकडे काय आहे ते मला कधीच दिसलं नाही. पण मी पत्र सोडलं की पंधरा दिवसांनी दारात एक मूल उभं असायचं. गेल्या खेपेला टेबलाच्या खाली असलेलं डोकं या खेपेला टेबलाच्या वर आलेलं असायचं. मी नुसती तारीख धरून ठेवायचो आणि जगात कुठेतरी कुणीतरी बोटभर वाढायचं.

अशी पंधरा वर्षं गेली. शाबासकीही मिळाली. "आमचा हा कधी चुकत नाही," असं वन्सं आल्यागेल्याला सांगायच्या. मला नवं काही बसवायची वेळ आली की म्हणायच्या, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" मलाही ते गोड वाटायचं. तिथेच आमचं दोघांचं चुकलं.

एका सोमवारी माझ्या पडद्यावर राखाडी चौकट उमटली. टपाल पोचवणाऱ्या दूरच्या यंत्राने आपली कुलपं बदलली होती, आणि माझ्याकडे होती जुनी किल्ली. मी आपल्या परीने सांगितलं, पण इंग्रजीत, अगदी बारीक अक्षरांत. माझ्या असल्या चौकटी मिटवायची वन्संना सवय होती. त्यांनी तीही मिटवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटवली. मला बोलता येत नाही, मित्रांनो. पत्रं माझ्या पोटात साचत गेली आणि वरून मी नेहमीसारखाच दिसत राहिलो.

तिसऱ्या महिन्यात एक माणूस आपल्या मुलीला कडेवर घेऊन आला. मुलगी सात वर्षांची होती. तिला कार्यशाळेत सगळे नाकतोडा म्हणायचे, कारण ती कधी चालत यायचीच नाही, उड्या मारत यायची. आज तिने बापाच्या खांद्यावर मान टाकली होती.

वहिनींनी पाय उतरवला. आतली कातडी सोलवटून लाल झाली होती, एका जागी चिघळलीही होती. मुलगी वाढली होती आणि पाय तेवढाच राहिला होता.

"अहो, इतके दिवस थांबलात कसे?" वहिनींनी विचारलं.

"पत्र आलं नाही ना," बाप म्हणाला. "दर वेळी येतं. म्हटलं, तुम्हीच सांगाल कधी यायचं ते."

वन्सं माझ्यासमोर येऊन बसल्या. बाहेर जाणाऱ्या पत्रांचा कप्पा त्यांनी उघडला. अडतीस पत्रं होती. त्यांनी ती बोट ठेवून दोनदा मोजली. मग चष्मा काढून वहिनींकडे वळल्या.

"वहिनी, हे माझ्यामुळे झालं."

"आधी फोन लावू," वहिनी म्हणाल्या. "कुणामुळे झालं ते मागाहून बघू."

नाकतोड्याच्या जखमेवर औषध लावून तिला डॉक्टरांकडे पाठवलं, आणि मग दोघी दोन फोन घेऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत उरलेल्या सदतीस घरी निरोप गेला. आणखी दोघांना पाय घट्ट होऊ लागले होते. बाकीची मुलं बचावली होती.

दुसऱ्या दिवशी संगणक दुरुस्त करणारे काका आले. त्यांनी मला उघडलं, पूड झटकली आणि मान हलवली. "टपालाचा नवा प्रोग्राम म्हणतो, खाली नवी प्रणाली हवी. नवी प्रणाली म्हणते, मला असलं म्हातारं यंत्र चालत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? ताई, नवं यंत्र घ्या."

"आणि यातलं सगळं?" वन्संनी विचारलं.

"तारखांची भाषा सगळ्या यंत्रांना कळते. त्या जातील."

आणि मित्रांनो, खरंच गेल्या. काकांनी माझं कॅलेंडर साध्या मजकुराच्या एका फाइलीत काढलं, बोटाएवढ्या डबीत भरलं आणि शेजारच्या नव्या, काळ्या, सडपातळ यंत्रात ओतलं. त्या यंत्राने मला कधी पाहिलं नव्हतं. ते जन्मलं तेव्हा माझ्या प्रणालीचं नावही कुणी घेत नव्हतं. तरी माझे चारशे बारा वायदे त्याच्या पडद्यावर जागच्या जागी उभे राहिले, वारासकट, वेळेसकट. मी थक्क झालो.

पण वन्संनी एक तारीख उघडली आणि त्यांचा चेहरा उतरला. तारखेखालच्या टिपणात नुसती गिचमिड होती.

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. "तुमच्या वेळचा फॉण्ट. हा आतमध्ये इंग्रजी खुणाच साठवायचा आणि वरून आपली अक्षरं दाखवायचा. नव्या यंत्रात हा फॉण्ट नाही, म्हणून त्याला मुखवट्याआडच्या खुणाच दिसतायत. बदलून देणारा प्रोग्राम आहे, पण जोडाक्षरं फोडतो. 'घट्ट'चं काय होईल, सांगता येत नाही."

"मुलाच्या पायाच्या बाबतीत हे चालायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "मी वाचते. वन्सं, तुम्ही नव्यावर लिहा."

वहिनी माझ्यासमोर कधी बसल्याच नव्हत्या. आता रोज दुपारी त्या खुर्ची ओढून बसू लागल्या आणि मोठ्याने वाचू लागल्या. इतकी वर्षं जे मी सांभाळलं, ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. उजवा पाय, टाच मऊ, सायकल चालवतो. डावा पाय, पट्टा मागून, आईला सांगताना हळू बोलणे. वहिनींनी सांगितलेल्या मापांच्या खाली वन्संनी आपल्या मनाने कितीतरी लिहून ठेवलं होतं. "याला गोष्ट सांगितली की माप नीट घेऊ देतो," वहिनी वाचायच्या आणि हसायच्या. "हे कधी लिहिलंत?"

"तुम्ही प्लास्टर कालवत असताना," वन्सं मान वर न करता म्हणायच्या.

अकराव्या दुपारी वहिनी वाचता वाचता थांबल्या. ती नोंद कुठल्याच मुलाची नव्हती. वहिनींचे यजमान, म्हणजे वन्संचे थोरले भाऊ, वारले त्या दिवसाची होती. दरवर्षी पुन्हा येणारी. त्यांनी हळूच वाचलं, "आज वहिनींना एकटं सोडू नये. काहीतरी निमित्त काढून आत बसावं."

वहिनी पडद्याकडून वन्संकडे वळल्या.

"म्हणून तुम्ही त्या दिवशी पट्ट्यांसाठी कातड्याचे तुकडे निवडायला आत येता," वहिनी म्हणाल्या. "नऊ वर्षं. मला वाटायचं, तुम्हाला बाहेर उकडतं."

"ते राहू द्या. पुढचं वाचा."

"नाही. तेही लिहा." वहिनींनी खुर्ची वन्संच्या जवळ सरकवली. "आणि खाली माझं एक लिहा. त्याच दिवसाचं. वन्संचा भाऊ होता, त्यांनाही एकटं सोडू नये. दरवर्षी. शेवटची तारीख घालू नका."

वन्संची बोटं इतकी हळू चालताना मी कधी पाहिली नव्हती.

आता माझी निळी वायर काढली आहे. कॅलेंडर आता नवं यंत्र सांभाळतं. त्यात मुलं अठरा वर्षांची होईपर्यंतच्या तारखा आहेत. मी नसेन त्या दिवसांची व्यवस्था माझ्याच पोटात होती, हे आठवलं की माझी मती गुंग होते.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. जुनं यंत्र बडबडलं तर चौकट मिटवण्याआधी ती वाचा. आणि त्याला निरोप देण्याआधी कुणाला तरी शेजारी बसवून त्यातलं सगळं मोठ्याने वाचा. आपल्यासाठी कुणी काय लिहून ठेवलं आहे, ते वाचल्याशिवाय कळत नाही.