पंगतीतला आवाज

माझ्या लग्नाच्या पंगतीत शकुवन्सं माझ्याबद्दल काय म्हणाल्या, हे अख्ख्या पुंडलिकनगरला पाठ आहे. मीच सांगितलंय. हळदीकुंकवाला, भिशीला, भाजीच्या गाडीवरसुद्धा. "काळी न् तोंडाची फटकळ. खपली बाई एकदाची." सख्ख्या नणंदेनं नव्या नवरीबद्दल असं बोलावं? तेव्हापासून मी त्यांना या घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. आमचे हे राखी बांधून घ्यायला दरवर्षी गुपचूप देवगाव रंगारीला जायचे, आणि आले की मी दोन दिवस भांडी आदळायचे.

आता लेकीचा, श्रेयाचा, साखरपुडा ठरला आणि ती हटूनच बसली, आत्या आलीच पाहिजे. मी म्हटलं, येऊ दे की, आधी माफी मागू दे. वन्संनी फोनवर नेहमीचंच सांगितलं, मी तसं बोलले नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, थांबा, पुरावाच ऐकवते.

पुरावा म्हणजे लग्नाची सीडी. लग्नानंतर माहेरी भाड्याचा प्लेयर आणून ती एकदाच बघितली होती. घरभर माणसं, नुसता गलका. टीव्हीवर वन्संचा चेहरा मोठा दिसत होता, तोंड हलत होतं आणि ते वाक्य आलं. मी तिथल्या तिथं टीव्ही बंद केला. मग ती सीडी कपाटात गेली ती गेलीच.

श्रेयानं ऑफिसातून सीडी लावायचं यंत्र आणून लॅपटॉपला जोडलं. आतली फाइल इतकी जुनी की मोबाइलवर उघडेचना. त्यात सीडीवर ओरखडे, चित्राचे नुसते चौकोन होत होते. आवाज मात्र शाबूत होता. शेवटी तिनं चित्राचा नाद सोडला, नुसता आवाज वेगळा काढला आणि त्याची एमपी-थ्री केली. ऐकून झाल्यावर मला म्हणाली, "मम्मी, राहू दे ना आता हे." मला वाटलं, पोरगी आत्याला फितूर झाली. मी तिलाच झापलं.

रविवारी सगळ्यांना बोलावलं. वन्सं आल्या आणि दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसल्या. माझी आई खरेदीसाठी वैजापूरहून आलेलीच होती. तिला मी मुद्दाम माझ्याशेजारी सोफ्यावर बसवलं. इतकी वर्षं तिनंच तर माझी बाजू धरली होती. असल्या नणंदेला दारात उभं करू नको, हे तीच सांगायची. रेकॉर्डिंग ऐकायचं म्हटल्यावर तिचं डोकं दुखायला लागलं, पण मी तिला उठू दिलं नाही.

स्पीकरवर भांड्यांचा आवाज आला, वाढप्यांची ओरड, सनई. मग अगदी माइकजवळून, स्वच्छ: "काळी न् तोंडाची फटकळ. खपली बाई एकदाची."

समोर आता कुणाचा चेहरा नव्हता. नुसता आवाज होता. शाळेला उशीर झाला की मला हाका मारून उठवणारा, माझं बाळंतपण करताना अंगाई म्हणणारा. तरी मी श्रेयाला म्हटलं, परत लाव. तिनं परत लावलं.

आई मांडीवरचा पदर नीट करत राहिली. नीटच होता तो. मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मी आत जावं. माझ्या रंगाचं मला काही नाही. पण ज्या बाईला मी गावभर बदनाम केलं, ती समोर बसली होती.

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "वन्सं, तुम्हाला माहीत होतं?"

"मी तेव्हा बुंदी खात होते, सरिता," त्या म्हणाल्या. "मी बोलले नाय, हे मला माहीत होतं. कोण बोललं, ते पण तेव्हाच ओळखलं. पण ते सांगितलं असतं तर तुझं माहेर तुटलं असतं."

आईकडं बघवेना, वन्संकडं बघायची लाज वाटत होती. शेवटी वन्संच उठल्या. "मावशींचं डोकं दुखतंय, चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच विचारलं, "सरिता, साखर कुठं असते गं?"

सख्ख्या भावाचं घर होतं ते.