शिवेखालचे कोळसे

निरोप दिनकररावांचा होता. बारा वर्षांत पहिला.

अठ्ठ्याहत्तरला नामांतराच्या दंगलीत आश्रुबाचं घर पेटलं तेव्हा त्याची बायको पंचफुला आत होती. तो दिनकररावांच्या मळ्यात धावला, बादलीभर पाणी मागितलं. दिनकररावांनी विहिरीवरची चालू मोटार बंद केली. पंचफुला आतच जळाली. हे आश्रुबा एक दिवस विसरला नव्हता, आणि विसरावं तरी का?

गंगाखेडच्या वरच्या अंगाला गोदावरीच्या पात्रात काळे खडक खांबासारखे उभे आहेत. त्यांना जागतिक वारसा म्हणावं म्हणून सरकार परदेशी अर्ज धाडणार होतं. नकाशाला गावाची शीव हवी होती. शिवेपासून नदीपर्यंत सगळं राखीव, तिथं टिकावसुद्धा मारायचा नाही. आणि नदीकाठी शिवेचा म्हणून जो दगड होता, त्याला चिकटूनच गावाच्या अंगाला दिनकररावांची खडीची मशीन धडधडत होती. शीव दाखवायची ती महारकीतल्या माणसानं. आश्रुबानं बुद्ध पत्करला तेव्हाच महारकी सोडलेली. तरी त्याच्याच घराण्याचा शब्द शेवटचा, असं मोजणीला आलेल्या साहेबांना सांगितलं खुद्द दिनकररावांनी, आणि आश्रुबाला निरोप धाडला. म्हातारा भिऊन नदीकाठचा दगड दाखवील, असा त्यांचा होरा. दिनकरराव म्हणजे भलताच भाबडा माणूस म्हणायचा!

"सांग रे आश्रुबा, हाच ना दगड?" दिनकररावांनी साहेबांदेखत विचारलं.

"दगड हाच हाय, साहेब," आश्रुबा म्हणाला. "पर जागा ही न्हाई. ह्यांच्या वडलांनी हलवायला लावला. माझ्या बापानं खांद्यावर वाहिला, मी संगं होतो."

तो काठी टेकत गावाकडं वळला. खडीचे ढीग ओलांडले, मशीन मागं टाकली, बाभळीपाशी थांबला.

"हितं खांदा. जुनी माणसं शिवेच्या दगडाखाली कोळसे पुरायची. कोळसा कुजत न्हाई. दगड हलवला, पर कोळशाचं कुणाच्या ध्यानात आलं न्हाई."

हातभर खाली कोळसे निघाले. साहेबांनी नकाशावर रेघ ओढली. मशीन रेघेच्या नदीकडच्या बाजूला, राखीव भागात गेली. आश्रुबाच्या काळजाला लय गार वाटलं, आणि त्याची त्याला मुळीच लाज वाटली नाही.

साहेबांची जीप गेली तसे दिनकरराव जवळ आले. तोंड पार उतरलं होतं.

"आश्रुबा, तुमी म्हणाल ते देतो. जमीन घ्या, पैका घ्या. साहेबांना सांगा, चुकलो म्हणून."

"मला बादलीभर पाणी पायजे."

"एवढंच? आत्ता आणवतो."

"आत्ताचं न्हाई," आश्रुबा म्हणाला. "तवाचं द्या."