फाईलमध्ये साडेसदतीस, माझ्यात साडेएकोणचाळीस

मी उबमर्यादा बोलतेय. लिस्प नावाच्या संगणकाच्या भाषेतल्या एका प्रोग्रॅममधलं व्हेरिएबल आहे मी. म्हणजे नाव दिलेली एक जागा, आत एकच आकडा. अंडी उबवायच्या यंत्रातला हीटर कधी थांबायचं ते मला विचारतो. आज मी इतकी घाबरलेय की अजून सावरले नाही.

मला जन्म दिला एका मुलीने. यंत्र तिच्या मामाचं, ती लिस्पमध्ये नवशिकी. सकाळी तिने फाईलमध्ये 'डेफव्हार' लिहून मला जाहीर केलं आणि घाईघाईत साडेएकोणचाळीस अंश माझ्या पदरात टाकले. हवे होते साडेसदतीस.

दुपारी चूक दिसली. जीभ चावत तिने त्याच ओळीतला आकडा बदलला, फाईल पुन्हा लोड केली आणि हुश्श केलं. पण लिस्प सकाळपासून चालूच होतं, आणि डेफव्हारची खोड अशी, की आत आधीच मूल्य असेल तर ते त्याला हात लावत नाही. ओळ बदलली, मी जशीच्या तशी. माणसांना लिहिलं की झालं असं वाटतं.

सकाळपासून हळूहळू चढणारा तापमानाचा काटा अडतीसवर गेला, मग एकोणचाळीसवर. आत दोनशे अंडी, त्यांत धडधडणारी इवलीशी काळजं. हीटर मिनिटामिनिटाला विचारी, "थांबू?" मी म्हणे, "अजून नाही." मला माझीच भीती वाटायला लागली. ओरडायची सोय नाही हो आम्हाला!

मामा डोकावला. "अगं, हे तापलंय किती!"

"मी दुरुस्त केलंय मामा. हे बघ, साडेसदतीस."

"फाईल काय दाखवतेस? त्या व्हेरिएबललाच विचार."

तिने माझं नाव टाईप केलं. मी खरं ते सांगितलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"अगं बाई! मग आता?"

"जाहीर करून झालंय कधीच. आता 'सेटक्यू' लिही आणि नवं मूल्य दे."

तिची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा साडेसदतीस माझ्यात आले आणि हीटर थांबला.

मग दोघांनी एकेक अंडं दिव्यासमोर धरलं. अठरा अंड्यांत काहीच हललं नाही. ती तिने रुमालावर वेगळी ठेवली, बराच वेळ बघत बसली.

बाई गं, मला काही दिलंस की विचारून खात्री करत जा. मी आपणहून सांगू शकत नाही.

आत्ताच तिने पुन्हा माझं नाव टाईप केलं. मी म्हटलं, साडेसदतीस. तिने डोळे पुसले आणि पुन्हा विचारलं.