मामाचा श्वास

"श्वास घे... सोड." मामाची पोहण्याची शिकवणी म्हणजे एवढे दोनच शब्द. तलावाच्या काठावर उभा राहून तो दिवसभर तेच घोकायचा. चुकणाऱ्याला पुन्हा फेरी मारायला लावायचा आणि बरोबर करणाऱ्याकडे ढुंकूनही बघायचा नाही. त्या ओल्या फरशीची आणि क्लोरीनच्या वासाची मला अजून हुरहूर लागते.

आज तोच मामा मी काम करते त्या दवाखान्यात, तपासणीच्या खोलीत छातीला तारा लावून उताणा पडला होता, आणि "श्वास घे... सोड" मी म्हणत होते. मामासारखं साखरेचं दुखणं, म्हणजे मधुमेह, जुनं झालं की हृदयाच्या संवेदना वाहणाऱ्या नसा खराब होऊ शकतात. तसं झालंय का, ते बघायचं होतं. श्वास घेताना ठोके जरा पळायला हवेत, सोडताना मंदावायला हवेत. मामाच्या ठोक्यांची चाल काही केल्या बदलेना.

"बघ, कसे एका चालीत चाललेत," मामा पडद्याकडे बघून खूश झाला. "उगाच नाही इतकी वर्षं पोहलो."

नेमकं तेच वाईट होतं. पोहणारी माणसं श्वास मध्येच अडवून धरतात, त्यानं घोळ झाला असेल, अशी मी मनाची समजूत घातली. "मामा, मध्ये रोखू नकोस. पुन्हा कर."

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याचं हसू मावळलं. "पोरी, पुन्हा कुणाला करायला लावतात ते मला माहीत आहे. काय चुकतंय?"

"छातीत कधी दुखलं होतं?"

"छे. गेल्या महिन्यात पोहून बाहेर आलो, तर अंग किती पुसलं तरी ओलंच. म्हटलं, टॉवेल म्हातारा झाला."

एरवी मी खळखळून हसले असते. पण दुखण्याची वर्दी देणाऱ्या नसाच मेल्या, तर हृदयविकाराचा झटका येऊनही नुसता घामच फुटतो.

"डॉक्टरांना बोलावते. आणि पाण्यात जायचं नाही आता."

ज्यानं आमची सगळ्यांची पाण्याची भीती घालवली, त्यालाच मी भीती घालत होते. फार वाईट वाटलं.

मामा छताकडे बघत राहिला. "तुझी मामी गेल्यापासून घर खायला उठलं की मी तलावावर जायचो. आता कुठं जाऊ, ते सांग."

"माझ्याकडे ये," मी म्हणाले, आणि डॉक्टरांना बोलवायला धावले.