करपलेली पहिली धार

बाबलीच्या पोटात जे दुखायला लागलं, त्यावर कुठल्या डॉक्टरकडे गोळी नव्हती. ते दुखणं पाळी गावाहून बसने आलं होतं, हातात एक कापडी पिशवी घेऊन. त्याचं नाव रुद्रेश.

आता आधी बाबलीचं सांगतो. कोरगावात वरच्या वाड्यावर सांतानमायचा काजूचा डोंगर. बारा वर्षं बाबली तिथे राबत होता. बोंडं वेचायची, कोळंबीत, म्हणजे त्या उथळ दगडी कुंडात, पायांनी तुडवायची, रस भाटीवर चढवायचा आणि मंद जाळावर उर्राक, म्हणजे काजूची दारू, गाळायची. माय ख्रिस्ती, बाबली हिंदू. पण कोणी 'तुझी मालकीण' म्हटलं की बाबली चिडायचा. "मालकीण कोणाक म्हणतंस रे? माय आसा ती!"

मायला एकच झील, म्हणजे मुलगा, सावियो. तो बाबलीबरोबर कोळंबीत उतरायचा. खांद्यावर हात टाकून दोघे तुडवायचे आणि नको नको ती गाणी म्हणायचे. माय वरून ओरडायची, "अरे मेल्यांनो, देव आयकता!"

तीन वर्षांपूर्वी सावियो स्कूटरवरून पाव घेऊन येत होता. समोरून खनिजाचा ट्रक आला. ड्रायव्हर पिऊन तर्र. पाव रस्त्यावर, सावियो रस्त्यावर. सगळं तिथेच संपलं.

मायला पुढचे आठ दिवस पेज भरवली ती बाबलीने. आणि त्या आठ दिवसांत त्याने मनाशी पक्कं केलं, आता हिचा झील मी. बोलला कोणाला नाही. असल्या गोष्टी कोण बोलतो? पण तेवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. मायने एकदा तरी त्याच्याकडे सावियोकडे बघायची तसं बघावं.

आणि माय काय करते? दर महिन्याला दोन बस बदलून तुरुंगात जाते! केळी आणि पाव घेऊन, त्या ट्रकवाल्या रुद्रेशला भेटायला! तो सुटला तेव्हा त्याच्या सख्ख्या भावाने त्याला दार उघडलं नाही. मायने उघडलं.

"माय, तू हेका घरात घेतलंस?" बाबलीचा आवाज चिरकला. "हेनी तुझो झील मारलो!"

"माका ठावक आसा, पुता. माझोच झील होतो तो."

"मगे?"

"मगे काय? भूक लागली आसा तेका. वाढतंय."

रुद्रेश आत गेला आणि जेवणाच्या मेजाशी बसला. सावियोच्या खुर्चीवर! आता ह्यात एक गोम होती. बाबली बारा वर्षं पडवीत जेवत होता. मायने ठेवलं म्हणून नव्हे. पहिल्याच दिवशी बाबलीची आई येऊन सांगून गेली होती, 'आमचो झील किरिस्तांवाच्या रांदपात जेवचो नाय हां.' तेव्हापासून मायने त्याच्यासाठी वेगळं ताट ठेवलं, वेगळं पातेलं ठेवलं, त्यात कधी मांस पडू दिलं नाही. दार कोणी अडवलं नव्हतं. पण बारा वर्षं ज्या उंबऱ्याबाहेर बसलो, तो ह्या माणसाने एका पावलात ओलांडला, हे बाबलीला गिळवेना.

"तू हिंदू मां रे?" त्याने रुद्रेशला खोचून विचारलं. "चलता तुका हंयसर?"

रुद्रेश मान खाली घालून म्हणाला, "तुरुंगात कोण इचारता, बाबलीदादा? घावला ता खाल्लंय."

दादा म्हणतो! बाबलीला वाटलं, आता ह्याने नातंसुद्धा लावलं.

मग दिवसागणिक वाढतच गेलं. मायने रुद्रेशला सावियोचा शर्ट दिला, बाबलीने दोन दिवस मायशी बोलणं टाकलं. रुद्रेश खोकला, मायने काढा केला. बाबली मुद्दाम तिच्यासमोर जाऊन खोकला. "बिडी कमी ओढ," माय म्हणाली. झालं! बाबलीने रात्री बायकोला ती गोष्ट तीनदा ऐकवली. बायको म्हणाली, "तुमची सवत इली काय वो?" आणि कूस बदलून झोपली.

एक दिवस बाबलीने मायला गाठलंच. ती अंगणात बिया सुकत घालत होती.

"माय, खरा सांग. हेच्यार इतको जीव कित्याक? बऱ्या वागणाऱ्याक पडवी आणि वायट करणाऱ्याक मेज?"

माय बिया पसरत राहिली. मग कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "गुड फ्रायडेक पाद्री दरवर्सा सांगता, देवान आपलो झील दिलो. बऱ्यांसाठी नाय दिलो, वायटांसाठी. ते अजून वायटच होते तेव्हा दिलो. मी दरवर्सा आयकलंय, रडलंय, आणि घराक येवन पेज जेवन निजलंय. सावियो गेलो तेव्हा कळला, मी कधी आयकलंयच नाय."

"पण तू काय देव नाय, माय."

"नाय मरे. देवान आपणहून दिलो. माझो तर ओढून नेलो. माझ्याकडे उरलो होतो तो फकत राग. म्हटला, तोच सोडून दिवया. दुसरा काय होता माझ्याकडे?"

बाबलीला त्यातलं अर्धं कळलं. अर्धं कळलं ते त्याला आवडलं नाही.

मग म्हापशाच्या बाजाराचा शुक्रवार आला. वर्षाची पहिली धार उतरायची होती. ह्या पहिल्या धारेचं त्या वाड्यावर मोठं. वाड्याच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, संध्याकाळी लादिन म्हणतात, मेणबत्त्या लावून प्रार्थना आणि गाणी. नंतर उकडलेले चणे आणि पहिल्या धारेचा एकेक घोट. हिंदूसुद्धा येतात, मेणबत्ती लावतात, घोट घेतात. दरवर्षी ती धार मायच्या भाटीची असायची.

माय चणे आणि मेणबत्त्या आणायला बाजाराला गेली. भाटीवर रुद्रेशला बसवून गेली. बाबलीला नव्हे, रुद्रेशला! "शिकूक व्हया तेका," म्हणाली.

दुपारी रुद्रेश विहिरीवर पाणी आणायला गेला. बाबलीने मागच्या खोपटातून सुक्या करवंट्यांचं पोतं ओढलं आणि सगळ्या करवंट्या चुलीत कोंबल्या. करवंटीचा जाळ म्हणजे काय, भाटीवाल्याला विचारा. मंद शिजायची ती वस्तू रटरटली, तळाला लागली. रुद्रेश कळशी घेऊन आला तेव्हा नळीतून धार येत होती, पण तिला अशी घाण येत होती की कुत्रंसुद्धा उठून गेलं.

"माझ्यान काय चुकला, दादा?" रुद्रेश म्हणाला.

"जाळार नजर ठेवक व्हयी," बाबली म्हणाला. आणि काय सांगू, त्या वेळी त्याच्या पोटातलं दुखणं एकदम थांबलं. गोड वाटलं त्याला.

माय आली, भाटीजवळ वाकली, चुलीतली राख काठीने जरा हलवली. 

संध्याकाळी खुरसाकडे लादिन झालं. चणे वाटले. माणसं पेले घेऊन वाट बघत होती. शेजारचा नारायण मोठ्याने म्हणाला, "माय, धार खंय? वास इलो आमका. खुनी माणसाक भाटयेर बसवलास, आणखी काय होतला?"

रुद्रेश मागे माडाला टेकून उभा होता. बाबली पुढे. त्याला वाटलं, आता माय बोलणार, आता हाकलणार.

माय म्हणाली, "धार माझ्यान करपली. जाळ मी वाढवलो. चाळीस वर्सां भाटी केली, यंदा चुकलंय. माफ करा."

"तू? तू तर बाजाराक होतंस!"

"सकाळीच वाढवन गेल्लंय. म्हातारी झालंय मां?"

माणसं हसली. कोणी म्हणालं, मायचा हात गेला आता. कोणी म्हणालं, पुढल्या वर्षी दुसऱ्याची धार घेऊया. चाळीस वर्षांचं नाव, चण्याच्या टरफलासारखं फुंकून टाकलं लोकांनी. माय हात जोडून उभी होती.

बाबलीच्या अंगाची आग आग झाली. त्याच्यासाठी हिने नावसुद्धा घालवलं! चण्याचं रिकामं पातेलं घेऊन घरी जाताना तो फुटला. "तेच्यासाठी तू खोटा बोललंस! खुरसाकडे उभी रवान! माझ्यासाठी बोलली असतंस?"

माय चालायची थांबली.

"पुता, राखेत करवंट्या होत्यो. पोता खंय आसा ता रुद्रेशाक ठावक नाय."

बाबलीच्या हातातलं पातेलं निसटून उतारावरून खडखडत गेलं.

"तेच्यासाठी नाय बोलली मी," माय म्हणाली. आणि तशी निघून गेली. ना शिवी, ना शाप. शिवी दिली असती तर बाबली वाचला असता.

सकाळी बाबली आला तर रुद्रेश तिठ्यावर बसची वाट बघत उभा, हातात ती कापडी पिशवी.

"जातंय, दादा. माझ्यापायी मायक लोक हसले. माझ्या हाताक यशच नाय. जा धरतंय ता मोडता."

बघा, जे हवं होतं ते आयतं समोर चालून आलं होतं. बाबलीने फक्त गप्प बसायचं होतं. बस वळणावर दिसलीसुद्धा. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"करवंट्यो मी घातलंय," बाबली म्हणाला.

"काय?"

"चुलीत. तू पाण्याक गेल्लंस तेव्हा. तुका घालवूक. मी मायक दिसूचो म्हणान. आता मार माका."

बस थांबली. कंडक्टर ओरडला, "येतलंस काय रे?"  बस गेली.

बाबलीने गाल पुढे केला होता, डोळे मिटले होते. थप्पड काही येईना. डोळे उघडले तर रुद्रेश रस्त्याच्या कडेला बसला होता, पिशवी छातीशी धरून, आणि लहान पोरासारखा रडत होता.

"म्हणजे ह्या माझ्यान नाय झाला?" तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "दादा, खरा सांग. ह्या तरी माझ्यान नाय झाला?"

"नाय रे. तुझ्यान नाय."

बाबली त्याच्या शेजारी बसला. मत्सर गेला होता असं मी म्हणणार नाही. इतक्या लवकर तो कोणाचा जातो? पण रडणाऱ्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा लागतो, म्हणून त्याने ठेवला. आणि मग नारायणाच्या घराकडे बघत म्हणाला, "ऊठ. आधी हेच्याकडे जावया. मायन काय करपवला नाय, मी करपवलंय, ह्या तेका सांगूचा आसा. एकट्याक माका धीर होयत नाय."